घरचीं मांजरें आणि पाहुणीं पिलें

दरसाल पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या शाळेंतील कोणी ना कोणी विद्यार्थी मांजराचीं पिलें घेऊन येतो. कधीं तीं चपलांच्या खोक्यांत असतात, कधीं दप्तरांत, तर कधीं सदऱ्याच्या आंत. कोणी तीं पोत्यांत घालून पूर्णेच्या पुलापलीकडे सोडलेलीं असतात, कोणी बाजाराच्या दिवशीं भाजीच्या ढिगाऱ्याजवळ ठेविलेलीं असतात. मुलगा तीं उचलून घरीं नेतो, आई म्हणते, "घरांत आणूं नकोस", वडील म्हणतात, "होतीं तेथें ठेवून ये." मुलाची दया खोटी नसते, आणि आईबापांची काळजीही खोटी नसते. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

आमच्या घरीं आज सात मांजरें आहेत व तीं सर्व घरांतच राहतात. त्यांखेरीज वर्षांतून चारपांच वेळां कांहीं पिलें आमच्याकडे थोड्या दिवसांकरितां येतात, सुधारतात, मोठीं होतात व दुसऱ्या घरीं जातात. पहिल्या सातांस आम्ही घरचीं मांजरें म्हणतों व दुसऱ्यांस पाहुणीं. हा भेद नांवापुरता नाहीं. तो विसरला असतां दयेंतूनच दुःख कसें निर्माण होतें, हें पुढें ओघानें येईल.

मांजर माणसाच्या घरीं आलें तें धान्याच्या मागोमाग. धान्य सांठलें कीं उंदीर आले आणि उंदरांमागें मांजर आलें. सायप्रस बेटावर सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वींच्या एका थडग्यांत माणसाशेजारीं मांजर पुरलेलें सांपडलें. हा शोध २००४ सालीं प्रसिद्ध झाला. त्या बेटावर मांजरें मूळचीं नव्हतीं. तेव्हां माणसानेंच तें होडींतून तेथें नेलें असलें पाहिजे. आपल्या खानदेशांतही मांजराचें नातें कणगीशींच होतें. ज्वारीच्या व दादरीच्या कणग्या ज्या घरांत, त्या घरांत मांजर असावयाचेंच. त्यास कोणी विकत आणीत नसे व कोणी बांधीतही नसे. थोडा भाकरीचा कुसकरा व वाटीच्या तळाशीं उरलेलें दूध त्यास मिळे. बाकीचें पोट तें आपलें आपण भरी.

आतां ते दिवस पालटले आहेत. मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचें एदलाबाद, या गांवावरून राष्ट्रीय महामार्ग जातो व त्यावरून रात्रंदिवस मालमोटारी धांवत असतात. शेतांत व दुकानांत उंदरांकरितां विषाच्या वड्या ठेवितात. विष खाऊन मंदावलेला उंदीर मांजराच्या तोंडीं सहज लागतो, आणि तें विष मग मांजराच्याही पोटांत जातें. मोकाट कुत्र्यांचें भय आहेच. शिवाय बाहेर हिंडणारें मांजर पक्षी, सरडे व खारीचीं पिलें मारतें, मग घरीं त्याचें पोट भरलेलें असो वा नसो. म्हणून मांजर घरांत ठेवणें हें त्याच्या व इतर जीवांच्याही हिताचें आहे, असें आम्हांस वाटतें. परंतु दार बंद केलें कीं एक जबाबदारी आपल्या शिरावर येते. अन्न, पाणी, गारवा, एकांत व खेळ हें सारें जें मांजर बाहेर स्वतः मिळवीत होतें, तें आतां आपण पुरविलें पाहिजे.

प्रथम अन्नाविषयीं. मुक्ताईनगर हें संत मुक्ताबाईंचें व वारकऱ्यांचें गांव. येथील पुष्कळ घरांत मांस शिजत नाहीं. अशा घरांतील पालक आम्हांस विचारतात कीं, "आमच्या आजीचें मांजर दूधभाकरीवर कितीतरी वर्षें जगलें, मग आतांचें कां जगूं नये?" याचें उत्तर असें कीं, आजीचें मांजर दूधभाकरीवर जगलें नाहीं, तें उंदरांवर जगलें. मांजराच्या शरीरास टॉरिन नांवाचें एक द्रव्य लागतें. तें मांसांत व मासळींत असतें, भाकरींत नसतें. आणि मांजराच्या शरीरास तें पुरेसें तयार करतां येत नाहीं. टॉरिनच्या अभावीं मांजराच्या डोळ्यांतील पडदा झिजून अंधत्व येतें, असें १९७५ सालीं शास्त्रज्ञांनीं दाखविलें. आणि त्यानेंच हृदयही दुबळें होतें, हें १९८७ सालीं सिद्ध झालें. तेव्हांपासून मांजरांकरितां तयार होणाऱ्या खाद्यांत हें द्रव्य पुरेशा प्रमाणांत घालण्याचा परिपाठ पडला. ज्या घरांत मांस शिजत नाहीं त्या घरानें मांजराकरितां असें तयार खाद्य आणावें. तेंही ज्यांच्या मनास पटत नसेल त्यांनीं मांजर पाळूं नये, ससा किंवा कबूतर पाळावें. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. परंतु बंद घरांत ठेवून मांजरास केवळ दूधभाकरी घालणें म्हणजे त्यास हळूहळू आंधळें करणें होय.

दुधाविषयींही एक समजूत दूर केली पाहिजे. वाढलेल्या मांजरांपैकीं पुष्कळांस गाईम्हशीचें दूध पचत नाहीं व त्यांचें पोट बिघडतें; त्यांस स्वच्छ पाणी हवें असतें. कांदा व लसूण हे मांजराच्या रक्तास बाधक आहेत, म्हणून आपल्या ताटांतील भाजी-आमटी त्यास घालूं नये. ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी तर कधींच देऊं नये. एवढ्याशा गोळीनें मांजर दगावतें. कुत्र्याच्या गोचिडांवरील पर्मेथ्रिन असलेलें औषधही मांजरास विषासमान आहे.

आतां अनेक मांजरें एका छपराखालीं ठेवण्याविषयीं. मांजर एकट्यानें शिकार करणारा प्राणी आहे. त्याचा कळप नसतो, म्हणून वरिष्ठ-कनिष्ठ ठरवून भांडण मिटविण्याची रीतही त्यास नसते. त्याची रीत एकच, ती म्हणजे टाळणें. ज्या घरांत एकमेकांस टाळावयास जागा आहे त्या घरांत सात मांजरें सुखानें नांदतात. ज्या घरांत ती नाहीं तेथें दोनही नांदत नाहींत. जमिनीवर जागा नसली तरी भिंतीवर असते. आम्ही निरनिराळ्या उंचीवर फळ्या ठोकल्या आहेत व कपाटांच्या डोक्यावर गोणपाटें घातलीं आहेत. त्यामुळें एकाच खोलींत तीन मजले झाले आहेत. प्रत्येकाची खाण्याची वाटी वेगळी व दुसऱ्यापासून हातभर दूर असते. मलमूत्राकरितां पसरट घमेलीं बारीक वाळूनें किंवा लांकडाच्या भुशानें भरून ठेवावीं. त्यांचा नियम असा कीं, जितकीं मांजरें त्याहून एक घमेलें अधिक, सातांस आठ. तीं सर्व एका ओळींत मांडलीं तर मांजराच्या हिशेबीं तें एकच घमेलें होतें, म्हणून घराच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत व अन्नापासून दूर ठेवावीं. मांजर घमेलें सोडून अन्यत्र घाण करूं लागलें तर त्यास मारूं नये. तें खोडसाळपणा करीत नाहीं. बहुधा घमेलें अस्वच्छ असतें, वाटेंत दुसरें मांजर अडवून बसलेलें असतें, किंवा त्यास लघवीचा विकार जडलेला असतो. बोका लघवीकरितां वारंवार बसतो व होत नाहीं असें दिसल्यास त्याच दिवशीं पशुवैद्याकडे न्यावें. मूत्रमार्ग तुंबला असतां दोन दिवसांत प्राण जातो.

खानदेशांतील उन्हाळ्याचा विचार येथें निराळा केला पाहिजे. जळगांव-भुसावळकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. मांजरास घाम येतो तो पंजांच्या गाद्यांपुरताच. बाकीचें अंग तें चाटून ओलें करतें व तसें थंड ठेवतें. म्हणून दुपारीं पश्चिमेकडील खोली बंद करून मांजरांस आंतील खोलींत घ्यावें, फरशी ओल्या फडक्यानें पुसावी, खिडकीस वाळ्याचा पडदा लावावा व मातीच्या पसरट भांड्यांतून दोनतीन ठिकाणीं पाणी ठेवावें. खिडक्यांस तारेची जाळी असावी. मांजर पडलें तरी पायांवर पडतें हें खरें, परंतु तिसऱ्या मजल्यावरून पायांवर पडलें तरी पाय मोडतातच.

येथवर घरच्या मांजरांविषयीं झालें. आतां पाहुण्यांकडे वळूं.

निराधार प्राण्यांस आश्रय देण्याची कल्पना आपल्याकडे परकी नाहीं. मुंबईंत मोकाट कुत्रीं मारण्याच्या सरकारी हुकुमावरून १८३२ सालीं मोठा दंगा झाला, आणि त्यानंतर १८३४ सालीं सर जमशेटजी जिजीभाई व इतर व्यापाऱ्यांच्या साहाय्यानें तेथील पांजरापोळ सुरू झाली. लंडनमधील बॅटरसीचें प्रसिद्ध श्वानगृह त्यानंतरचें, १८६० सालचें. आणि त्यानें मांजरें घेण्यास आरंभ केला तो १८८३ सालीं. मुंबईंत १८७४ सालीं प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणारी संस्था निघाली, पेटिट घराण्याच्या देणगींतून परळ येथें प्राण्यांचें रुग्णालय उभें राहिलें, आणि १८८६ सालीं परळासच पशुवैद्यकाचें महाविद्यालय सुरू झालें.

परंतु आश्रयगृह कितीही चांगलें असलें तरी अगदीं लहान पिलांस तें मानवत नाहीं. याचीं कारणें दोन. पहिलें असें कीं, आईवेगळ्या पिलास पहिल्या आठवड्यांत दर दोनतीन तासांनीं, रात्रींसुद्धां, दूध पाजावें लागतें. शेंकडों प्राणी सांभाळणाऱ्या चारपांच नोकरांस तें शक्य होत नाहीं. दुसरें असें कीं, जेथें पुष्कळ मांजरें दाटीनें राहतात तेथें सर्दीचे व आंतड्याचे सांथीचे रोग पसरतात, आणि पिलांस तें सोसत नाहींत. म्हणून ठिकठिकाणच्या संस्था अशीं पिलें किंवा आजारांतून उठलेलीं मांजरें कांहीं आठवड्यांकरितां कुटुंबांकडे देतात. मांजर संस्थेचेंच राहतें. कुटुंब त्यास घर, ऊब व माणसाची ओळख देतें. आणि तें धडधाकट झालें कीं त्यास कायमचें घर शोधून देतात. यासच तात्पुरतें पालन म्हणावें. लहान गांवांत संस्था जवळ नसली तरी काम तेंच असतें. तेथें संस्थेचा व कुटुंबाचा असे दोन्ही भार एकाच घरावर पडतात, एवढेंच.

पिलें दिसतांक्षणीं उचलूं नयेत. मांजरी अन्नाकरितां तासन् तास दूर जाते, आणि पुष्कळदां एकेक पिलूं तोंडांत धरून जागा बदलीत असते. पिलें स्वच्छ, शांत व पोटानें टम्म असतील तर त्यांची आई जवळपास आहे असें समजावें, व दुरून पाहत राहावें. आईइतकें चांगलें संगोपन कोणत्याही माणसाच्या हातून होत नाहीं. मात्र तीं मळलेलीं, गार पडलेलीं व सारखीं ओरडत असतील, किंवा पोत्यांतून टाकलेलीं असतील, तर हात घालावा.

गारठलेल्या पिलास प्रथम ऊब द्यावी, दूध मागाहून. गार शरीरास दूध पचत नाहीं व तें आंत नासतें. कोमट पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून पिलाशेजारीं ठेवावी. तिच्यापासून दूर सरकावयासही जागा असावी. अंग ऊबदार झालें म्हणजे पिलांकरितां मिळणारी दुधाची भुकटी कालवून पाजावी. पाजतांना पिलूं माणसाच्या मुलासारखें उताणें धरूं नये. तें पोटावर असावें, नाहींतर दूध फुफ्फुसांत जातें. पाजल्यावर ओल्या कोमट कापसानें त्याच्या ढुंगणाकडील भाग हळू पुसावा. आई चाटते तेव्हांच पिलास मलमूत्र होतें, व तें काम आतां आपलें असतें. जन्मतः पिलाचें वजन सुमारें १०० ग्रॅम असतें व पुढें तें रोज दहापंधरा ग्रॅमनें वाढलें पाहिजे. स्वयंपाकघरांतील काट्यावर रोज एकाच वेळीं वजन करून वहींत लिहावें. वजन एक दिवस थांबलें तर जपावें. घटलें तर पशुवैद्य गांठावा. पिलाचे डोळे सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत उघडतात, आणि चौथ्या आठवड्यापासून तें मऊ अन्न चाटूं लागतें. हें काम आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांस उत्तम करतां येतें. गणित, आरोग्य व धीर हे तीन विषय त्यांत एकदम शिकावयास मिळतात.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पाहुणें पिलूं कितीही गोजिरवाणें व निरोगी दिसलें तरी पहिले चौदा दिवस घरच्या मांजरांजवळ जाऊं देऊं नये. त्याची खोली निराळी, वाट्या निराळ्या, घमेलें निराळें. आणि त्या खोलींतून बाहेर येतांना हात धुवावे व वरचा सदरा बदलावा. कारण मांजरांत पॅनल्युकोपेनिया नांवाचा एक भयंकर आंत्ररोग आहे. त्याचें विष जमिनीवर व भांड्यांवर वर्षभरसुद्धां टिकतें. साध्या साबणानें किंवा स्पिरिटनें तें मरत नाहीं. आपल्याकडे फरशी पुसावयास फिनाईल वापरतात, परंतु त्याच्या जातीचीं जंतुनाशकें मांजरास स्वतःच विषारी आहेत, कारण तें पंजे चाटतें. घरगुती ब्लीच एक भाग व पाणी बत्तीस भाग असें ताजें मिश्रण करून त्यानें फरशी पुसावी, दहा मिनिटें ओली ठेवावी व नंतर साध्या पाण्यानें धुवून कोरडी करावी.

दोन वर्षांपूर्वींच्या श्रावणांत आमच्याकडे तीन पिलें आलीं होतीं. चौथ्या दिवशीं त्यांतील एकानें अन्न टाकलें व तें पाण्याच्या वाटीवर मान घालून बसून राहिलें; पाणी पिईना आणि हलेनाही. रात्रीं वांत्या सुरू झाल्या. पशुवैद्यांनीं सलाईन लावलें व औषधें दिलीं. पहिलें पिलूं दुसऱ्या दिवशीं गेलें, दुसरें त्याच्या दुसऱ्या दिवशीं. तिसरें आठ दिवस झुंजून वांचलें. त्याच भिंतीपलीकडे आमचीं सात मांजरें होतीं. त्यांतील एकासही कांहीं झालें नाहीं. त्यांस लस टोंचलेली होती, आणि मधलें दार बंद होतें. जीं दोन गेलीं त्यांचें दुःख आम्हांस अजून आहे. परंतु तें दार उघडें असतें, आणि लशी राहिल्या असत्या, तर तें दुःख कितीपट झालें असतें याचा विचार प्रत्येक वाचकानें करावा. पिलास सहा ते आठ आठवड्यांचें झाल्यावर पहिली लस, पुढें दर तीनचार आठवड्यांनीं सोळाव्या आठवड्यापर्यंत पुन्हां, आणि तीन महिन्यांचें झाल्यावर पिसाळरोगाची लस, असा क्रम आहे.

माणसांच्या आरोग्याविषयीं पालकांनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली पिसाळरोग. अनोळखी मांजरानें चावल्यास अथवा बोचकारल्यास जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत लस घ्यावी. हळद, चुना किंवा मिरची लावूं नये. हा रोग एकदां दिसूं लागल्यावर बहुतेक नेहमीं प्राण घेतो, परंतु वेळेवर घेतलेल्या लशीनें तो टळतो. मुलांनीं मार बसेल या भीतीनें ओरखडा लपवूं नये, आणि पालकांनीं तशी भीति घालूं नये. दुसरी गोष्ट गजकर्ण. पिलाच्या कानांवर वा पायांवर केंस गेलेले वाटोळे चट्टे दिसले तर बरें होईपर्यंत लहान मुलांनीं त्यास कुरवाळूं नये. तिसरी गोष्ट गरोदर स्त्रियांविषयीं. मांजराच्या विष्ठेंतून टॉक्सोप्लाज्मा नांवाचा सूक्ष्म जीव येऊं शकतो व तो गर्भास अपायकारक असतो. तो बाहेर पडल्यावर संसर्गक्षम होण्यास निदान एक दिवस लागतो. म्हणून घमेलीं रोजच्या रोज, आणि गरोदर स्त्रीखेरीज दुसऱ्या कोणी, साफ करावीं. एवढी खबरदारी घेतल्यास मांजर घरांतून घालविण्याचें कारण नाहीं.

पाहुण्यास घरच्या मांजरांत मिसळावयाचें असेल तर चौदा दिवसांनंतर प्रथम वासाची ओळख करून द्यावी. एकाच्या अंगावरून फिरविलेलें फडकें दुसऱ्याच्या जागीं ठेवावें. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंस एकाच वेळीं खावयास घालावें. मग दार बोटभर उघडावें. घाईनें समोरासमोर आणलेलीं मांजरें महिनोन् महिने एकमेकांवर फिस्कारतात.

आतां संख्येचा विचार. मांजरी सुमारें ६३ ते ६५ दिवस गाभण राहते, एका वेळीं साधारण चार पिलें देते, व पिलें अंगावर पीत असतांनाच पुन्हां गाभण राहूं शकते. वर्षांत तीन वेळां व्याली तर बारा पिलें झालीं. पहिल्या वेळच्या पिलांतील मादी पांचसहा महिन्यांची होतांच माजावर येते. अशा दोन माद्या वर्षाअखेर व्याल्या तर आणखी आठ. एका मांजरीपासून एका वर्षांत वीस! त्यांतील बहुतेक रस्त्यावर मरतात, म्हणूनच आपणांस तीं दिसत नाहींत. पोत्यांत घालून सोडलेलीं पिलें हीं क्रूर माणसाचींच असतात असें नाहीं. पुष्कळदां तीं असहाय माणसाचीं असतात, ज्यास हा हिशेब कधीं कोणी सांगितला नाहीं. तथापि उपासमार होईल अशा स्थितींत प्राणी टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. यावर खरा उपाय एकच, तो म्हणजे निर्बीजीकरण. पशुवैद्य ही शस्त्रक्रिया चारपांच महिन्यांच्या वयापासून करतात. तिनें बोक्यांचें भांडण व भिंतीवर मुतण्याची खोड कमी होते, आणि मांजरी वारंवारच्या बाळंतपणांतून सुटते.

हिशेब सुटला म्हणजे काय होतें याचें उदाहरण दूरचें नाहीं. २०२५ च्या फेब्रुवारींत पुण्याच्या हडपसर भागांतील एका सदनिकेंत तीनशेंहून अधिक मांजरें असल्याचें वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें. दुर्गंधी व आवाज यांविषयीं शेजाऱ्यांनीं तक्रार केली, अधिकाऱ्यांनीं पाहणी केली, आणि मांजरें अन्यत्र हलविण्याचा आदेश झाला. त्या वृत्तांवरून पाहतां पांच वर्षांपूर्वीं तेथें पन्नासांच्या आसपास मांजरें होतीं. अशा घरांतील माणसांस हंसणें सोपें आहे, पण तें योग्य नव्हे. एवढीं मांजरें कोणी द्वेषानें जमवीत नाहीं. प्रत्येक वेळीं दारांत आलेलें एक मांजर आंत घेणें हीच दया वाटते; परंतु जेथें आंत येण्याचें दार आहे आणि बाहेर जाण्याचें नाहीं, तेथें शेवटीं कोणत्याच मांजराच्या वांट्यास माणूस येत नाहीं.

म्हणून आमच्या घरचा नियम असा: घरचीं मांजरें सात, आठवें नाहीं. सकाळीं व संध्याकाळीं प्रत्येकास हातांत घेऊन डोळे, दांत, पोट पाहतां यावें, ही आमच्या वेळेची व शक्तीची सीमा आहे. दुसऱ्या घराची दोन असेल, तिसऱ्याची एक. पाहुण्यांची खोली एक, आणि एका वेळीं एकच वेत. खोली भरलेली असतां दुसरीं पिलें आलीं तर आम्ही तीं घेत नाहीं. ज्यानें आणलीं त्याच्याच घरीं तीं राहावीं म्हणून दुधाची भुकटी, बाटली व सल्ला देतों. हें कठोर वाटतें, परंतु यामुळेंच गेल्या कांहीं वर्षांत मुक्ताईनगरांतील चार घरें या कामास लागलीं आहेत. आम्ही सारीं पिलें स्वतःच घेत गेलों असतों तर तीं चार घरें कधींच तयार झालीं नसतीं.

पिलूं दुसऱ्या घरीं देतांना आम्ही तीन गोष्टी पाहतों. घरांतील सर्वांची संमति आहे काय. खाद्याचा व लशीचा खर्च त्यांस झेपेल काय. आणि निर्बीजीकरण करून घेण्यास ते तयार आहेत काय. एक महिन्यानंतर आम्ही जाऊन पाहून येतों. न जमल्यास पिलूं परत आणावें, रस्त्यावर सोडूं नये, असें वचन घेतों.

एका विद्यार्थ्यानें दोन महिने एका पिलास बाटलीनें दूध पाजून वाढविलें, आणि तें देण्याचा दिवस आला तेव्हां रडत विचारलें, "शेवटीं द्यावयाचेंच होतें, तर लळा कशाला लावावयाचा?" हा प्रश्न पुष्कळ मुलांच्या मनांत असतो, म्हणून त्याचें उत्तर येथें देतों. मांजराच्या पिलाचें मन दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत फार मऊ असतें. त्या काळांत ज्याच्या अंगावर माणसाचा प्रेमळ हात फिरला तें पिलूं जन्मभर माणसांत निर्भयपणें राहतें. ज्याच्या अंगावर तो फिरला नाहीं तें पुढें माणूस दिसतांच पळतें व बोचकारतें, आणि अशा मांजरास कोणी घरांत घेत नाहीं. म्हणजे तूं लावलेला लळा वायां गेला नाहीं. त्याच्याच बळावर तें पिलूं नव्या घरीं राहणार आहे. सासरीं जाणाऱ्या मुलीबरोबर आई शिदोरी देते, ती मुलगी परत यावी म्हणून नव्हे. तो मुलगा लगेच हंसला असें नाहीं. पण पिलूं त्यानें स्वतःच्या हातानें दिलें, आणि महिन्याभरानें आमच्याबरोबर तें पाहावयास आला. पिलूं तेथील आजीच्या मांडीवर निजलेलें होतें.

पालकांस आमची विनंती एवढीच आहे. मुलगा खोकें घेऊन दारांत उभा राहिला तर "होतीं तेथें ठेवून ये" असें एकदम म्हणूं नये, आणि "राहूं देत सारीं" असेंही एकदम म्हणूं नये. एक कोपरा, चौदा दिवस व एक वही एवढें त्यास द्यावें. आणि पिलांस कायमचें घर शोधण्याचें काम पहिल्याच दिवशीं त्याच्यावर सोंपवावें. ज्या घरांत मांजर आहे पण निर्बीजीकरण झालेलें नाहीं, त्या घरानें पशुवैद्याकडे जाण्याचा दिवस या आठवड्यांतच ठरवावा. तेवढें झालें तरी पुढच्या पावसाळ्यांत पुलापलीकडे सोडावयास तितकीं पिलें कमी जन्मास येतील.